सेल्मरच्या खोपट्याची घरपट्टी

सेल्मर ब्रोटनला कुणी काही देऊ केलं, की तो आधी दोनदा नको म्हणायचा. यात तसं विशेष काही नव्हतं. लिंडाल काउंटीत सगळेच असे. कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, "नको, आत्ताच झाली." दुसऱ्यांदा म्हणायचं, "उगाच कशाला तसदी." तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची पुढे ओढायची आणि म्हणायचं, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." मग निवांत बसून तीन कप प्यायचे. नॉर्वेहून आलेल्या आजोबा-पणजोबांनी ही रीत बोटीतून आणली, की मिनेसोटाच्या थंडीत ती इथेच उगवली, हे कुणाला सांगता येत नाही. पण इतरांच्या अंगावर ती कोटासारखी असायची, निकड पडली तर काढून खुंटीला लावता यायची. सेल्मरच्या ती कातडीखाली गेली होती.

डेअरीवर दुधाचा टँकर चालवायची नोकरी त्याला अशीच लागली. मॅनेजरने दोनदा विचारलं, सेल्मरने दोनदा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा विचारायला मॅनेजरला लाज वाटली म्हणून त्याने बायकोला पाठवलं. लग्नही तसंच. बोर्गहिल्डनेच विचारलं होतं, चर्चच्या तळघरात बशा पुसता पुसता.

"माझ्यासाठी कशाला एवढा त्रास," सेल्मर म्हणाला होता.

बोर्गहिल्ड इथलीच. तिने एक बशी पुसली आणि पुन्हा विचारलं. आणखी एक पुसली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"बरं," सेल्मर म्हणाला, "तुझं ठरलेलंच असेल तर."

त्यानंतर चाळीस वर्षं दोघांचा संसार नीट झाला. बोर्गहिल्ड गेली, मुलगी सिग्ने लग्न करून पार दक्षिणेला ॲरिझोनात ट्यूसनला राहायला गेली, आणि सेल्मर तळ्याकाठच्या त्या लहानशा पांढऱ्या घरात एकटा उरला. एकटा म्हणजे तसा अगदी एकटाही नाही. पलीकडच्या घरात एल्रॉय क्वाम होता. तो दिवसातून दोनदा तरी येऊन सेल्मरला चार शब्द सुनावून जायचा.

आणि अंगणात खोपटं होतं.

हिवाळ्यात तळं गोठलं की इथली माणसं लाकडी खोपटी ओढत बर्फावर नेतात, जमिनीच्या भोकातून खाली बर्फाला भोक पाडतात आणि गळ सोडून बसून राहतात. सेल्मरचं खोपटं त्याने आणि बोर्गहिल्डने मिळून बांधलेलं. आत लोखंडी शेगडी, तिचं पत्र्याचं धुराडं, भिंतीला दोन बाक, त्यांच्यावर निजायच्या दोन फळ्या, आणि खिडकीला निळ्या चौकटींचे पडदे. उन्हाळ्यात ते अंगणात घसरपट्ट्यांवर उभं असायचं. रिकामी खिडकी बोळक्या तोंडासारखी दिसते म्हणून बोर्गहिल्ड तिच्यात पेटुनियाच्या कुंड्या ठेवायची. ती गेल्यावर सेल्मरही ठेवू लागला.

त्या कुंड्यांनीच घात केला.

मार्चमध्ये काउंटीकडून, मागच्या उन्हाळ्यातल्या पाहणीवरून केलेल्या मूल्यांकनाचा कागद आला. सेल्मरच्या जागेवर आता दोन घरं आहेत, असं त्यात होतं. एक राहतं घर आणि एक 'पाहुण्यांसाठीचं जोडघर, फुलांच्या सजावटीसह, उत्तम स्थितीत'. त्या हिशेबाने घरपट्टी जवळजवळ दीडपट होणार होती. सेल्मरने पेन्शनच्या शेजारी ती मांडून पाहिली. औषधं सोडली तर भागत होतं, नाहीतर नाही.

"घर विकायचं आणि इकडे यायचं," सिग्ने फोनवर म्हणाली. "खोली तयार आहे बाबा. गार हवेचं मशीनसुद्धा बसवलंय."

सेल्मर एकदा ट्यूसनला जाऊन आला होता. तिथे अंगणात गवताऐवजी खडी घातलेली होती. जानेवारीत लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते. शेजाऱ्याने त्याला एकदाच लिंबू सरबत विचारलं, सेल्मर नको म्हणाला, आणि शेजाऱ्याने ते सरबत त्याच्या डोळ्यांदेखत स्वतः पिऊन टाकलं. त्या गावी मरायला जायचं हे त्याच्या जिवावर आलं होतं.

"चूक आहे ती त्यांची," एल्रॉय म्हणाला. "फोन कर आणि सांग."

"त्यांना कामं असतील."

"हेच त्यांचं काम आहे, गाढवा!"

शेवटी फोन एल्रॉयनेच लावला आणि सेल्मरच्या कानाला धरला. दोन दिवसांनी मूल्यांकन करणारी बाई स्वतः आली. यादिरा ओर्टेगा तिचं नाव. टेक्सासच्या टोकाला, एल पासोची. नुकतीच नोकरीवर आलेली. मुलगी हुशार, कामाला चोख, बोलायला सरळ. पण माणसं घराला घसरपट्ट्या लावून पाण्यावर नेतात, आणि तीही पाणी दगड झाल्यावर, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिने खोपट्याभोवती एक फेरी मारली. "यात कुणी राहतं का?"

सेल्मरला खोटं बोलता येत नव्हतं. "एल्रॉय झोपतो कधी कधी. बायकोशी भांडण झालं की."

"स्वयंपाक होतो?"

"मासे तळतो आम्ही."

ओर्टेगाने टिपून घेतलं. मग वाकून खालच्या घसरपट्ट्या पाहिल्या आणि विचारात पडली. "हे हलवता येतं, असं दिसतंय. पाया नाही. मिस्टर ब्रोटन, हे मी यादीतून काढू शकते. काढू का?"

"अहो, नको," सेल्मर म्हणाला. "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"नक्की?"

"नक्की. तुम्हाला इतरही घरं असतीलच."

ओर्टेगाने मान डोलावली, त्याचे आभार मानले, गाडीत बसली आणि निघून गेली. सेल्मर अंगणात तसाच उभा राहिला. तिसऱ्या खेपेला काय म्हणायचं ते त्याच्या ओठावर आलेलं होतं: बरं, पेन हातात आहेच तर. धूळ खाली बसली तरी तो रस्त्याकडे बघत होता.

"गेली," तो एल्रॉयला म्हणाला. "तिसऱ्यांदा विचारलंच नाही तिने."

एल्रॉयने टोपी काढून जमिनीवर आपटली. "अरे, ती एल पासोची आहे! तिकडे नको म्हणजे नको!"

"असं कसं राहत असतील माणसं?" सेल्मर म्हणाला. त्याला खरंच तिची काळजी वाटली.

एप्रिलमध्ये मूल्यांकनावरच्या हरकती ऐकायला गावची सुनावणी झाली. सेल्मर गेला, शेवटच्या रांगेत बसला. "आणखी कुणाची हरकत?" असं एकदा विचारलं गेलं, आणि सभा संपली. आता उरली फक्त काउंटीची सुनावणी, जूनमधली. ती हुकली की सप्टेंबरात घर विकायला काढायचं, असं सिग्नेशी बोलणं झालं होतं.

एल्रॉयने त्याची तालीम घ्यायची ठरवलं. पहिल्याच वेळी 'हो' म्हणायची. त्यासाठी तो त्याला गावातल्या कॅफेत घेऊन गेला. तिथे ग्लेंडा वाढते, गेली पंचवीसेक वर्षं.

"सेल्मर, रुबार्बची वडी देऊ? आजच भाजलीय," ग्लेंडाने विचारलं.

सेल्मरने टेबलाची कड घट्ट धरली. कपाळावर घाम आला. "हो," तो म्हणाला.

ग्लेंडा किटली हातात घेऊन जागच्या जागी थांबली. "डावा हात वर कर बघू."

"का?"

"कर आधी. आता हसून दाखव. दोन्ही गाल हलतायत ना? एल्रॉय, याला असं कधीपासून होतंय?"

"अगं, बरा आहे तो. तालीम चाललीय."

पण हा झटका नाही यावर ग्लेंडाचा विश्वास बसला नाही. वडी तिने आणलीच नाही, साखरेचं पाणी आणलं. संध्याकाळी पाद्रीबुवा सेल्मरच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, असाच चाललो होतो. त्यांना कॉफी देऊन, पुन्हा देऊन, पुन्हा देऊन वाटेला लावेपर्यंत अंधार पडला. तालीम तिथेच संपली.

सुनावणीच्या दिवशी सेल्मरने चर्चचा कोट घातला. काउंटीच्या कचेरीत पाच सदस्य लांब टेबलामागे बसले होते आणि पाचही जण त्याच्या ओळखीचे होते. मधल्या खुर्चीत अर्डिस नीगार्ड. चर्चमध्ये ती आणि बोर्गहिल्ड शेजारी बसून गायच्या. एरवी ती सेल्मरला अरे-तुरे करायची. पण खुर्चीत बसली की तिच्या तोंडी अहो-जाहो यायचं. तिच्या शेजारी गुरांचा व्यापारी वेंडेल लुंड. कोपऱ्यात फाइल घेऊन ओर्टेगा. ऐकायला आलेल्या लोकांच्या बाकांवर एकटा एल्रॉय.

"ब्रोटन, बोला," अर्डिस म्हणाली.

सेल्मर उभा राहिला. एल्रॉयने पाठ करून घेतलेलं त्याने म्हटलं, "ते घर नाही. ते मासेमारीचं खोपटं आहे." इथेच थांबायचं होतं. पण पाचही जण त्याच्याकडे बघत होते, आणि आपल्या वस्तूबद्दल बोलून झाल्यावर नुसतं थांबणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. "अगदीच साधं आहे," तो म्हणाला.

"साधं?" वेंडेल म्हणाला. "अहो, काय बोलता! तळ्यावर तसं दुसरं नाही."

"छे, छे. शेगडीचा धूर होतो."

"मला तर कधी लागला नाही," दुसरा सदस्य म्हणाला.

"फळ्या अरुंद आहेत."

"अरुंद? मी दोनदा झोपलोय," तोच म्हणाला. "घरी इतकी झोप लागत नाही."

"पडदे विटलेत."

"बोर्गहिल्डच्या हातचे पडदे!" अर्डिसच्या तोंडून निघालं. खुर्चीत बसलोय हे तिच्या लक्षात राहिलं नाही. "काहीतरीच बोलू नकोस, सेल्मर. किती सुबक आहेत!"

सेल्मर खोपट्याला खाली ओढी, तसतसं मंडळ त्याला वर उचली. माणूस आपल्या वस्तूला नावं ठेवतोय आणि आपण गप्प बसलोय, असं लिंडाल काउंटीत होऊ शकत नाही. दारूगोळा संपलेल्या शिपायासारखा सेल्मर खाली बसला तेव्हा ओर्टेगाचं अर्धं पान भरलं होतं.

"म्हणजे," तिने सरळ विचारलं, "हे जोडघर राहण्यास उत्तम आहे, असं मंडळाचं मत मी लिहू?"

मंडळ एकमेकांकडे बघू लागलं. आपण काय करून बसलो हे पाचही जणांना एकदमच उमगलं.

"त्याच्या जमिनीला भोकं आहेत!" मागून एल्रॉय ओरडला.

"कशासाठी?" ओर्टेगाने विचारलं.

हा प्रश्न या खोलीत आजवर कुणी कुणाला विचारलेला नव्हता. अर्डिसने घड्याळ पाहिलं. सुनावणीचा तो शेवटचा दिवस होता आणि पाच वाजता कायद्याने सभा संपणार होती. "जागेवर जाऊन पाहू," ती म्हणाली. "सभा चालूच आहे असं समजायचं. लोकांना यायची मुभा आहे."

लोक म्हणजे एल्रॉय. तो सेल्मरच्या ट्रकमधून आला.

जूनच्या उन्हात बंद खोपटं भट्टीसारखं तापलं होतं. तरी पाच सदस्य आणि सेल्मर वाकून आत शिरले आणि सवयीने बाकांवर आपापल्या जागी बसले. वेंडेलने सवयीनेच पायाने भोकांवरची झाकणं बाजूला केली. खाली गवत होतं. एका भोकात पिवळं रानफूल उगवलेलं होतं.

आणि मग सगळे गप्प झाले.

कुणी ठरवून केलं नाही. खोपट्यात बसलं आणि समोर भोक असलं की माणसाने काय करायचं, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. कोपरं गुडघ्यांवर टेकली, माना खाली गेल्या, सहा जणांच्या नजरा त्या गवतावर स्थिरावल्या. घाम नाकावरून टपकत होता. वेंडेलचं मनगट मधूनच हलकं वर उचललं जात होतं. वेळ जात होता.

ओर्टेगा दारात उभी होती. "आपण कशाची वाट बघतोय?"

"हळू बोला," अर्डिस कुजबुजली.

ओर्टेगा आत आली, एक बादली उपडी घालून तिच्यावर बसली आणि तीही भोकात बघू लागली. बराच वेळ बघत राहिली.

"इथे राहत नाहीत," ती शेवटी हळूच म्हणाली. "इथे असं बसतात."

"हो," सेल्मर म्हणाला.

"आणि बर्फ नसतो तेव्हा?"

"तेव्हा बसत नाही."

"मग हे घर नाही. माझी काही हरकत नाही."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. अर्डिस ताठ बसली. "ब्रोटन, हे तुमच्या मूल्यांकनातून काढून टाकावं का?"

"नको," सेल्मर म्हणाला. "तुम्हाला कशाला सगळे कागद बदलायचा त्रास."

ओर्टेगाच्या हातातलं पेन भोकात पडलं. बाकी कुणाची पापणीही हलली नाही.

"त्रास कसला," अर्डिस म्हणाली. "काढूनच टाकू ना?"

"नाही नाही, राहू दे. इतका उशीर झालाय."

"यांनी दोनदा नको म्हटलंय," ओर्टेगा म्हणाली. "मी काय नोंद करू?"

"आत्ता काहीच करू नका," अर्डिस घाईने म्हणाली. तिसऱ्यांदा विचारायचं तर होतंच, पण लागोपाठ तीनदा विचारणं म्हणजे गळ्यात पडणं झालं. मध्ये थोडं दुसरं बोलणं व्हावं लागतं, हवापाण्याचं, तब्येतीचं. तिने जवळच्या माणसाकडे वळून विचारलं, "वेंडेल, तुमचं दुखणं कसं आहे आता?"

घोडं तिथेच अडलं. वेंडेलच्या खुब्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं होतं आणि त्याच्याशी त्याविषयी नीट कुणी बोललं नव्हतं. तो पडला तिथपासून त्याने सुरुवात केली. मग कुठल्या गायीमुळे पडला, ती गाय कुणाकडून घेतली, तो माणूस पुढे कसा निघाला. दुखणं सांगणाऱ्याला मध्ये तोडणं अर्डिसच्या हातून जन्मात झालं नसतं. तिने एकदा तोंड उघडलं, आणि वेंडेल म्हणाला, "आणि डॉक्टर काय म्हणाला असेल?" तिने तोंड मिटलं.

ओर्टेगाने मनगटावरचं घड्याळ सर्वांना दिसेल असं धरलं. पाचाला फारसा वेळ उरला नव्हता. खिडकीबाहेर पेटुनियांच्या मध्ये एल्रॉयचा लालबुंद चेहरा दिसत होता. लोकांना ऐकायची मुभा होती, बोलायची नव्हती. तो फक्त ओठ हलवत होता, आणि ते शब्द चर्चमध्ये चालण्यासारखे नव्हते.

वेंडेल आता भूल देणाऱ्या बाईपर्यंत पोचला होता. सेल्मर भोकातल्या गवताकडे बघत बसला. ट्यूसनच्या अंगणातली खडी त्याला आठवली. सिग्नेने त्याच्यासाठी तयार केलेली खोली आठवली, तिची बंद खिडकी, ते घुरघुरणारं मशीन. ओर्टेगाने फाइल मिटायला घेतली.

"काढा," सेल्मर म्हणाला.

वेंडेलचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. "काय?"

"खोपटं. घरपट्टीतून काढा." त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "मला काढून हवंय. मला माझ्या घरात राहायचंय."

मला हवंय, असं सेल्मर ब्रोटनच्या तोंडून त्या काउंटीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. एका सदस्याने ऐकल्याचं दाखवायचं नाही म्हणून छताकडे पाहिलं. अर्डिसचे कान लाल झाले. मग ती भरभर म्हणाली, "ठराव मांडते. अनुमोदन? सगळ्यांचे हात? मंजूर," आणि पाचाच्या आत सभा संपली. बाहेर एल्रॉयने कुंडी पाडली.

खोपट्यातून बाहेर पडताना अर्डिस त्याच्याजवळ थांबली. आता ती खुर्चीत नव्हती. "मी विचारणारच होते रे," ती म्हणाली. "एवढा काय तुटून पडलास?"

"चुकलंच माझं," सेल्मर म्हणाला. पण खोपट्याचं दार लावताना त्याला हसू येत होतं.

गावात पुढे महिनाभर तेच बोलणं. सेल्मर मागून घेतो म्हणे आता. ग्लेंडा म्हणाली, मला आधीच लक्षण दिसलं होतं. वेंडेल दुखावला होता, तर सेल्मरला त्याच्या घरी जाऊन ऑपरेशनचा उरलेला भाग पहिल्यापासून ऐकावा लागला. सिग्ने फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "बरं झालं बाबा. खरं सांगू, तुम्ही इथे रमला नसतात."

जुलैत निकालाचा कागद आला. घरपट्टी मागच्याइतकीच. सेल्मरने तो शांतपणे वाचला, आणि एका ओळीपाशी त्याचा चेहरा उतरला. एल्रॉय कॉफीला आला तेव्हा तो कागद पुढे करून बसला होता.

"हे वाच. 'खोपटं, मूल्य शून्य.'"

"मग? तुला तेच तर हवं होतं!"

"शून्य कसं असेल? शेगडी आहे. पडदे आहेत. वेंडेल तिथे दोनदा... नाही, तो दुसरा. तोसुद्धा म्हणाला घरी इतकी झोप लागत नाही. थोडं तरी काहीतरी लिहायचं."

"तू आता शून्यावर अपील करणार?"

"मुदत संपलीय," सेल्मर म्हणाला. त्याने खालीवर सगळं वाचून पाहिलं होतं.

त्या आठवड्यात त्याने दुकानातून लाल रंगाचा डबा आणला आणि खोपटं रंगवायला काढलं. चौकटींना पांढरा पट्टा, धुराड्याला काळा. एल्रॉय कुंपणापलीकडून ओरडत आला.

"वेडा झालास का? रस्त्यावरून दिसतंय ते! ती बाई बघेल, परत घर म्हणून लावेल!"

"लावू दे," सेल्मर म्हणाला आणि शिडी पुढे सरकवली. "तो ब्रश दे इकडे."